त्रिमितीत बलाचा मोमेंट काढायचा कसा: व्हेक्टर पद्धत, आकड्यांसकट

सपाट कागदावरच्या गणितात मोमेंट, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम, काढणं सोपं असतं. बल गुणिले लंब अंतर, आणि फिरणं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे की उलट, एवढं पाहिलं की झालं. पण खांबाच्या शेंड्यापासून जमिनीतल्या खुंटीपर्यंत तिरकी ओढलेली तार असेल, किंवा दोनदा वळलेल्या पाइपच्या टोकाला आडव्यातिडव्या दिशेने बल लागत असेल, तर ते लंब अंतर आकृतीत दिसतच नाही. शोधायला गेलात तर अर्धं पान भूमितीत जातं, आणि फिरण्याची दिशा कुठली हा प्रश्न तरी उरतोच.

व्हेक्टर म्हणजे आकार आणि दिशा दोन्ही असलेली राशी. व्हेक्टर पद्धतीत लंब अंतर शोधावंच लागत नाही. ज्या बिंदूभोवती मोमेंट हवा तो बिंदू, बलाच्या रेषेवरचा कुठलाही एक बिंदू आणि बलाचे तीन घटक, एवढं हाताशी असलं की मोमेंट किती आणि कुठल्या दिशेने, दोन्ही एकदम मिळतं. यातला गुणाकार शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. चुका होतात त्या गुणाकाराआधी, मांडणीत. म्हणून खाली मांडणीवर जास्त वेळ घालवला आहे.

आधी अक्ष पक्के करा

तीन अक्षांना क्ष, य आणि झ म्हणू. हा संच उजव्या हाताचा असलाच पाहिजे. तपासायची रीत अशी: उजव्या हाताची बोटं क्ष कडून य कडे वळवा, अंगठा झ च्या धन दिशेने उभा राहिला पाहिजे. कागदावर क्ष उजवीकडे, झ वर आणि य कागदातून पलीकडे जाणारा काढला तर संच बरोबर आहे. हाच य आपल्याकडे येणारा काढला की संच डावखुरा होतो आणि पुढची सगळी सूत्रं उलट चिन्हाची उत्तरं देतात. घाईत काढलेल्या आकृत्यांमध्ये ही चूक फार सापडते, कारण आपल्याकडे येणारा अक्ष काढायला सोपा वाटतो. मॉडेल सॉफ्टवेअरमधून बिंदू उचलत असाल तर तिथले अक्षही तपासा. युनिटीसारख्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये अक्ष डाव्या हाताचे असतात.

मूळबिंदू शक्यतो तिथेच घ्या जिथे मोमेंट हवा आहे. मग एक वजाबाकी वाचते आणि तिच्यातली चूकही.

एकक आत्ताच ठरवा. अंतरं मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये ठेवलं तर उत्तर न्यूटन-मिलिमीटरमध्ये येतं, म्हणजे न्यूटन-मीटरच्या हजारपट मोठा आकडा. ड्रॉइंगवर मिलिमीटर आणि हिशोबात मीटर असेल तर सगळे बिंदू सुरुवातीलाच बदलून घ्या, मध्येच नाही. बल किलोग्रॅममध्ये दिलं असेल तर त्याला ९.८१ ने गुणून न्यूटन करा.

बलाचे तीन घटक

एक उदाहरण घेऊ आणि तेच पुढे वापरू. ६ मीटर उंच खांब. त्याचं बूड ओ मूळबिंदूवर, म्हणजे (०, ०, ०). शेंडा अ (०, ०, ६). शेंड्यापासून जमिनीतल्या खुंटीपर्यंत तार ओढली आहे, खुंटी ख (२, ३, ०). तारेतला ताण २१०० न्यूटन.

तार खांबाला खुंटीकडे ओढते. म्हणून बलाची दिशा अ कडून ख कडे. शेवटच्या बिंदूतून सुरुवातीचा बिंदू वजा करा:

ख − अ = (२ − ०, ३ − ०, ० − ६) = (२, ३, −६)

लांबी = √(४ + ९ + ३६) = √४९ = ७ मीटर

आता ताण भागिले लांबी: २१०० ÷ ७ = ३००. या एका आकड्याने तिन्ही घटकांना गुणा:

ब = ३०० × (२, ३, −६) = (६००, ९००, −१८००) न्यूटन

इथे एक सवय लावून घ्यावी. बरेच जण आधी एकक व्हेक्टर (त्याच दिशेचा, पण लांबी १ असलेला) काढून तो दोन दशांशांपर्यंत लिहितात, ०.२९, ०.४३, −०.८६, आणि मग २१०० ने गुणतात. त्यातून ६०९, ९०३, −१८०६ येतं. पहिला घटक दीड टक्क्याने चुकला, तोही कारण नसताना. ताण भागिले लांबी आधी करून ठेवली की ही गळती होत नाही.

तिसरा घटक ऋण आला आहे ते पाहा. तार खाली ओढते, म्हणजे झ घटक ऋणच हवा. तो धन आला असता तर वजाबाकी उलटी झाली हे तिथेच कळलं असतं. तार फक्त ओढते, ढकलत नाही. त्यामुळे तारेच्या बलाचं चिन्ह नुसत्या नजरेने तपासता येतं.

दिशा कोनात दिलेली असेल तर कोन कुठून मोजला आहे ते दोनदा वाचा. जमिनीपासून चढाचा कोन असेल तर उभा घटक साइनचा, आडवा कोसाइनचा. उभ्या रेषेपासून मोजलेला असेल तर हे बरोबर उलट. आडवा भाग मग जमिनीवरच्या कोनाने क्ष आणि य मध्ये वाटायचा. तिन्ही अक्षांशी होणारे कोन दिले असतील तर त्यांच्या कोसाइनच्या वर्गांची बेरीज १ झालीच पाहिजे. दोनच कोन दिले असतील, समजा ६०° आणि ६०°, तर तिसऱ्याच्या कोसाइनचा वर्ग ०.५ येतो, पण कोन ४५° की १३५° हे आकृती पाहूनच ठरतं. इथे कॅल्क्युलेटर मदत करत नाही.

र कुठून कुठे

र म्हणजे स्थान-व्हेक्टर. तो ज्या बिंदूभोवती मोमेंट काढायचा त्या बिंदूपासून निघतो आणि बलाच्या क्रियारेषेवर कुठेही संपतो. उलटा नाही. उलटा घेतला तर मोमेंटचा आकार बरोबर येतो, दिशा मात्र पूर्ण उलटी.

‘रेषेवर कुठेही’ हे शब्द फार उपयोगाचे आहेत. बल तारेतून जातं, म्हणून र शेंड्यापर्यंत घ्या, खुंटीपर्यंत घ्या, नाहीतर तारेच्या मधल्या एखाद्या बिंदूपर्यंत, उत्तर तेच येतं. कारण र चा बलाला समांतर असलेला भाग मोमेंटमध्ये काहीच भर घालत नाही. म्हणून ज्या बिंदूत शून्यं जास्त तो निवडा. आपल्या उदाहरणात शेंडा: र = (०, ०, ६).

एक गोंधळ इथे नेहमी होतो. अ पासून ख पर्यंतचा व्हेक्टर बलाची दिशा काढायला वापरला होता, तोच चुकून र म्हणून पुन्हा वापरला जातो. मग र आणि बल समांतर असल्यामुळे मोमेंट शून्य येतो. तिन्ही घटक शून्य आले आणि बलाची रेषा बिंदूतून जात नाही हे डोळ्यांना दिसत असेल, तर हीच चूक झाली आहे.

गुणाकार

मोमेंट म = र × ब. क्रम असाच, र आधी. व्हेक्टरांच्या या गुणाकाराला क्रॉस प्रॉडक्ट म्हणतात, आणि त्यात क्रम बदलला की चिन्ह बदलतं. क्ष, य, झ घटकांना १, २, ३ असे आकडे दिले तर:

म१ = र२ × ब३ − र३ × ब२

म२ = र३ × ब१ − र१ × ब३

म३ = र१ × ब२ − र२ × ब१

पाठ करायची गोष्ट एवढीच: आकडे १, २, ३, १, २ असे गोल फिरतात. म१ साठी २ आणि ३, म२ साठी ३ आणि १, म३ साठी १ आणि २. पुढच्या क्रमाचा गुणाकार धन, उलट्याचा ऋण. पुस्तकात हेच तीन ओळींच्या निश्चयकाने (डिटरमिनंटने) लिहिलेलं असतं. तो विस्तारताना मधल्या पदाला वजा चिन्ह लावावं लागतं आणि नेमकं तेच विसरलं जातं. वरच्या गोल क्रमात मधल्या पदाचं वजा आधीच आत शिरलेलं आहे, वेगळं लावायचं नाही.

खांबाचं उदाहरण, र = (०, ०, ६), ब = (६००, ९००, −१८००):

म१ = ० × (−१८००) − ६ × ९०० = −५४००

म२ = ६ × ६०० − ० × (−१८००) = ३६००

म३ = ० × ९०० − ० × ६०० = ०

म = (−५४००, ३६००, ०) न्यूटन-मीटर

आता र खुंटीपर्यंत घेऊन, (२, ३, ०), पुन्हा करा: म१ = ३ × (−१८००) − ० = −५४००; म२ = ० − २ × (−१८००) = ३६००; म३ = २ × ९०० − ३ × ६०० = ०. तेच उत्तर. सुरुवातीच्या काही गणितांत हा दुसरा हिशोब जरूर करावा. आकडे वेगळे, वाट वेगळी आणि उत्तर एक, यापेक्षा चांगली खात्री नाही.

आकार = √(५४००² + ३६००²) ≈ ६४९० न्यूटन-मीटर. आणि ज्या लंब अंतरासाठी एवढी धडपड असते ते आता फुकट मिळतं: ६४९० ÷ २१०० ≈ ३.०९ मीटर. हे अंतर बूड ते खुंटी (√१३ ≈ ३.६१ मीटर) आणि बूड ते शेंडा (६ मीटर) या दोन्हींपेक्षा कमी आहे. कमी असायलाच हवं, कारण लंब अंतर म्हणजे रेषेपर्यंतचं सगळ्यात जवळचं अंतर. जास्त आलं तर कुठेतरी चूक आहे.

म३ शून्य का आला तेही समजून घ्या. तारेची रेषा झ-अक्षाला शेंड्यावर छेदते. जी रेषा एखाद्या अक्षाला छेदते किंवा त्याला समांतर जाते, तिचा त्या अक्षाभोवती मोमेंट शून्य. कागदावर आकडा मांडण्याआधीच कुठले घटक शून्य येणार हे या नियमाने सांगता येतं.

घटक सगळे भरलेले असतील तेव्हा

शून्यं नसतील तेव्हा चिन्हं घसरतात. म्हणून दुसरं उदाहरण तसलंच घेऊ. भिंतीतून एक पाइप बाहेर येतो: क्ष दिशेने ०.४ मीटर, एल्बो, मग य दिशेने ०.३ मीटर, पुन्हा एल्बो, मग खाली ०.२ मीटर. टोक ट (०.४, ०.३, −०.२). टोकावर बल ब = (५०, −८०, १२०) न्यूटन. भिंतीजवळच्या जोडावर, म्हणजे मूळबिंदूवर, मोमेंट किती?

हाताने करायची सगळ्यात भरवशाची मांडणी म्हणजे दोन ओळींची पट्टी. र आणि ब एकाखाली एक लिहा, प्रत्येक ओळ पुन्हा एकदा लिहा, म्हणजे सहा रकाने होतील. पहिला आणि शेवटचा रकाना खोडा. उरतात चार:

र: ०.३ | −०.२ | ०.४ | ०.३

ब: −८० | १२० | ५० | −८०

आता शेजारच्या दोन-दोन रकान्यांत तिरके गुणाकार करा. वरचा डावा गुणिले खालचा उजवा, त्यातून वरचा उजवा गुणिले खालचा डावा वजा. अशा तीन जोड्या, डावीकडून उजवीकडे, म्हणजेच म१, म२, म३:

म१ = ०.३ × १२० − (−०.२) × (−८०) = ३६ − १६ = २०

म२ = (−०.२) × ५० − ०.४ × १२० = −१० − ४८ = −५८

म३ = ०.४ × (−८०) − ०.३ × ५० = −३२ − १५ = −४७

ऋण आकड्यांना कंस घालायला लाजू नका. म१ मधला दुसरा गुणाकार दोन ऋणांचा आहे, म्हणून तो +१६ आणि मग त्याच्या पुढचं वजा. कंस नसेल तर हात आपोआप ३६ + १६ लिहून मोकळा होतो.

या आकड्यांचा जोडावर काय अर्थ होतो? पाइप भिंतीतून क्ष दिशेने निघतो, म्हणून म१ म्हणजे पाइपला पडणारा पीळ: २० न्यूटन-मीटर. उरलेले दोन मिळून वाक: √(५८² + ४७²) ≈ ७४.७ न्यूटन-मीटर. आता चिन्हाकडे या. पीळ धन आहे. उजव्या हाताचा अंगठा क्ष दिशेने, म्हणजे भिंतीतून बाहेर ठेवला की बोटं ज्या बाजूला वळतात तिकडे पाइप फिरू पाहतो. समोरून भिंतीकडे पाहणाऱ्याला ते घड्याळाच्या काट्यांविरुद्ध दिसतं. जोडाला नेहमीचे उजवे आटे असतील तर हा पीळ आटे सैल करणारा आहे. तोच −२० आला असता तर आवळणारा ठरला असता. आकार एकच, पण एका चिन्हाने जोड गळणार की घट्ट होणार ते ठरतं. भिंत पाइपला जो उलटा मोमेंट देते तो अर्थात (−२०, ५८, ४७). प्रश्नात बलाचा मोमेंट विचारला आहे की आधाराची प्रतिक्रिया, हे वाचून मगच उत्तर लिहा.

पडताळणी, आणि ती काय पकडत नाही

मोमेंटचा व्हेक्टर र ला आणि ब ला, दोघांनाही लंब असतो. म्हणून त्याचा दोघांशीही डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीने घटकांचे गुणाकार करून त्यांची बेरीज) शून्य आला पाहिजे:

म · ब = २० × ५० + (−५८) × (−८०) + (−४७) × १२० = १००० + ४६४० − ५६४० = ०

म · र = २० × ०.४ + (−५८) × ०.३ + (−४७) × (−०.२) = ८ − १७.४ + ९.४ = ०

अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मधल्या पदाचं चिन्ह विसरून म२ = +५८ लिहिलं असतं तर पहिली बेरीज १००० − ४६४० − ५६४० = −९२८० आली असती, म्हणजे चूक लगेच उघडी पडली असती.

पण या पडताळणीवर गरजेपेक्षा जास्त विसंबू नका. क्रम उलटा करून ब × र काढला तरी दोन्ही डॉट प्रॉडक्ट शून्यच येतात. र चुकीच्या बिंदूपर्यंत घेतला तरी शून्यच. बलाचा आकार चुकीचा धरला तरी शून्यच. ही पडताळणी फक्त गुणाकारातल्या चुका पकडते. क्रमासाठी उजवा हात वापरा: बोटं र च्या दिशेने धरून ब कडे वळवा, अंगठा म च्या दिशेला गेला पाहिजे. र साठी रेषेवरचा दुसरा बिंदू घेऊन पुन्हा हिशोब करा.

कॅल्क्युलेटरला व्हेक्टर मोड असेल किंवा पायथनमध्ये नमपाय ही गणिताची लायब्ररी वापरत असाल तर क्रॉस प्रॉडक्ट एका आज्ञेत होतो. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी तयार फंक्शन नसतं, तीन घटकांची तीन सूत्रं लिहावी लागतात. लिहा, आणि शेजारच्याच खान्यांत दोन डॉट प्रॉडक्टही ठेवा. पहिल्यांदा वरचं पाइपचं उदाहरण त्यात घालून (२०, −५८, −४७) येतं का पाहा, मगच खरे आकडे भरा. शून्यांनी भरलेल्या उदाहरणाने सूत्र तपासलं तर चुकीचं सूत्रही पास होतं.

एका अक्षाभोवती मोमेंट

बिजागरी, शाफ्ट, झाकण, यांत पूर्ण मोमेंट नको असतो. त्या अक्षाभोवती फिरवणारा वाटा हवा असतो. त्यासाठी तीन पायऱ्या: अक्षावरच्या कुठल्याही बिंदूभोवती मोमेंट काढा, अक्षाच्या दिशेचा एकक व्हेक्टर काढा, दोघांचा डॉट प्रॉडक्ट घ्या. उत्तर एक साधा आकडा असतो, चिन्हासकट.

समजा खांबाच्या बुडाशी बिजागरी आहे आणि तिची पिन जमिनीवर (४, ३, ०) दिशेने आहे. लांबी ५, म्हणून एकक व्हेक्टर (०.८, ०.६, ०). मग:

(−५४००) × ०.८ + ३६०० × ०.६ = −४३२० + २१६० = −२१६० न्यूटन-मीटर

५ ने भागायचं राहिलं तर उत्तर पाचपट येतं आणि कुठेही शंका येत नाही. या भागातली सगळ्यात नेहमीची चूक हीच.

ऋण चिन्हाचा अर्थ: अंगठा पिनच्या उलट दिशेला, (−०.८, −०.६, ०) कडे ठेवा, बोटं खांबाला ज्या बाजूला नेतात तिकडे तो पडू पाहतो. ती बाजू (−०.६, ०.८, ०). तपासून पाहा: आडव्या बलाचा त्या दिशेचा घटक ६०० × (−०.६) + ९०० × ०.८ = ३६० न्यूटन, उंची ६ मीटर, गुणाकार २१६०. जुळलं.

उरलेला मोमेंट जातो कुठे? पिनच्या दिशेचा वाटा पूर्ण मोमेंटमधून वजा करा:

(−५४००, ३६००, ०) − (−२१६०) × (०.८, ०.६, ०) = (−३६७२, ४८९६, ०)

याचा आकार बरोबर ६१२० न्यूटन-मीटर. हा बिजागरीला फिरवत नाही, तिला आडवा मुरगाळतो, पिन आणि तिच्या कानांवर येतो. फिरवणाऱ्या वाट्याच्या जवळजवळ तिप्पट. बिजागरी फिरायला मोकळी आहे म्हणून तिच्यावर मोमेंट येत नाही, असं धरून पिन निवडली तर ती याच आकड्याखाली वाकते. अक्षाभोवतीचा मोमेंट काढल्यावर उरलेला भाग फेकून देऊ नका, तो कुणीतरी पेलतच असतो.

दोन तारा, तीन तारा

बलं अनेक असतील तर प्रत्येकाचा मोमेंट काढून घटकवार बेरीज करायची. सगळी बलं एकाच बिंदूतून जात असतील तर आधी बलांचीच बेरीज करा आणि एकदाच गुणा. याला व्हॅरिन्यॉंचा सिद्धांत म्हणतात. पिएर व्हॅरिन्यॉं (१६५४–१७२२) या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने.

खांबाला दुसरी तार जोडू. खुंटी (−३, २, ०), ताण १४०० न्यूटन. दिशा (−३, २, −६), लांबी पुन्हा ७, म्हणून बल २०० × (−३, २, −६) = (−६००, ४००, −१२००). दोन्ही तारा शेंड्यावरच आहेत, म्हणून बेरीज: (०, १३००, −३०००). मोमेंट = (०, ०, ६) × (०, १३००, −३०००) = (−७८००, ०, ०). वेगवेगळे काढले असते तर (−५४००, ३६००, ०) आणि (−२४००, −३६००, ०), बेरीज तीच.

खांब आता फक्त य दिशेने पडू पाहतो. तिसरी तार उलट बाजूला, खुंटी (०, −४.५, ०). दिशा (०, −४.५, −६), लांबी ७.५, एकक व्हेक्टर (०, −०.६, −०.८). तिचा ताण त धरला तर तिचा मोमेंट (३.६ त, ०, ०). समतोलासाठी ३.६ त = ७८००, म्हणजे त ≈ २१६७ न्यूटन. तिन्ही तारा मिळून खांबाला खाली दाबतात ३००० + ०.८ × २१६७ ≈ ४७३३ न्यूटनने. हा दाब खांबाच्या वजनाशिवायचा आहे.

बुडाची प्रतिक्रिया इथे कुठेच आली नाही, कारण ती ओ मधूनच जाते आणि ओ भोवती तिचा मोमेंट शून्य. जिथे सगळ्यात जास्त अज्ञात बलं एकत्र येतात तो बिंदू मोमेंटसाठी निवडा. बरीच लांबलचक समीकरणं मांडायचीच गरज उरत नाही.

बिंदू बदलला तर

एका बिंदूभोवतीचा मोमेंट माहीत असेल तर दुसऱ्यासाठी सगळं नव्याने करावं लागत नाही. नव्या बिंदूपासून जुन्या बिंदूपर्यंतचा व्हेक्टर घ्या, त्याचा एकूण बलाशी क्रॉस प्रॉडक्ट काढा आणि जुन्या मोमेंटमध्ये मिळवा. इथेही दिशा उलटी घेण्याचा मोह होतो: नव्यापासून जुन्यापर्यंत, हेच बरोबर.

पाइपचा पहिला एल्बो (०.४, ०, ०). तिथून मूळबिंदूपर्यंत (−०.४, ०, ०). क्रॉस प्रॉडक्ट: (०, ४८, ३२). म्हणून एल्बोवर मोमेंट (२०, −५८ + ४८, −४७ + ३२) = (२०, −१०, −१५).

एल्बोच्या दोन्ही बाजूंना हाच मोमेंट आहे, पण त्याचं काम बदलतं. क्ष दिशेच्या तुकड्यात पीळ २० आणि वाक √(१०² + १५²) ≈ १८. एल्बो ओलांडून य दिशेच्या तुकड्यात शिरलात की पीळ १० आणि वाक √(२०² + १५²) = २५. तुकड्याच्या दिशेचा घटक पीळ, बाकीचे दोन वाक. दर वळणावर ही वाटणी नव्याने करायची. भिंतीपाशी काढलेले पीळ आणि वाक पूर्ण पाइपला लावणं चुकीचं आहे.

एकूण बल शून्य असेल तर मिळवायचं पदच शून्य होतं, आणि मोमेंट सगळ्या बिंदूंभोवती सारखा राहतो. हेच बलयुग्म. व्हॉल्व्हच्या ०.३ मीटर व्यासाच्या चाकावर दोन्ही हातांनी समोरासमोर, कडेला स्पर्शरेषेत, ४० न्यूटनची उलटसुलट बलं लावली तर मोमेंट १२ न्यूटन-मीटर, मग तो चाकाच्या मध्याभोवती काढा नाहीतर खोलीच्या कोपऱ्याभोवती. बलयुग्मासाठी र एका बलाच्या रेषेवरून दुसऱ्याच्या रेषेपर्यंत घ्यायचा, आणि तो ज्या रेषेवर संपतो तिथलंच बल गुणायचं.